रबर, पेठ-हरसूल पट्टा : प्रकल्प नोंदी (ऑगस्ट २०२४ ते जून २०२५)

२३ ऑगस्ट २०२४

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि हरसूल साइडच्या पाड्यांवर सध्या एक माणूस फिरतोय. पांढरी बोलेरो, हातात लॅमिनेशन केलेलं पोस्टर, पोस्टरवर झाडाला बांधलेली वाटी आणि त्यात पांढरा चीक पडतोय. सांगतो की माळावरची पडीक जमीन कशाला ठेवता, रबर लावा, सात वर्षं थांबा, मग पुढची वीस वर्षं बघायला नको. सातबाऱ्याची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि नोंदणीचे म्हणून पैसे घेतो, पावती साध्या कागदावर. हरसूलच्या काकांनी फोटो पाठवला तेव्हा ऑफिसात सगळे एकदम म्हणाले फ्रॉड आहे, पण सर म्हणाले नुसतं फ्रॉड फ्रॉड करत गेलो तर लोकं विचारतील झाड येतं का नाही तेवढं सांगा, मग काय सांगणार? म्हणून हे काम सुरू. बजेट म्हणजे डिझेल आणि जेवण.

त्या माणसाचं टायमिंग मात्र मानलं पाहिजे. याच महिन्यात केरळात कोट्टायमला आरएसएस-४ शीटचा (धुरावर वाळवलेल्या रबराच्या शीटची एक ग्रेड) भाव किलोला २४० च्या वर गेलाय, रेकॉर्ड आहे. पोस्टरवर तोच छापलाय. २०११ ला पण भाव असाच चढला होता आणि २०१६ च्या सुरुवातीला शंभराच्या खाली आला होता, केरळात लोकांनी झाडांना वाट्या लावणंच बंद केलं होतं, ते पोस्टरवर कशाला येईल. शिवाय तो म्हणतो नाशिकातच टायरची कंपनी आहे, माल सातपूरलाच जाणार. सीएटचा प्लांट सातपूरला आहे हे खरंच आहे. खोटं बोलणारा माणूस दोन गोष्टी खऱ्या सांगतोच.

५ सप्टेंबर

वाचन. इतरांसाठी थोडक्यात लिहून ठेवतो कारण उद्या कुणी विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगायला नको.

झाड मूळचं अॅमेझॉनच्या खोऱ्यातलं. १८७६ मध्ये विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून सत्तर हजारांच्या आसपास बिया लंडनच्या क्यू गार्डनला नेल्या, त्यातली रोपं सिलोन आणि मलायाला गेली आणि आशियातलं बहुतेक रबर त्यातूनच वाढलं. आपल्याकडे पहिली व्यापारी लागवड १९०२ मध्ये केरळात पेरियार नदीकाठी तट्टेक्काडला. रबर बोर्ड १९४७ च्या कायद्याने आलं, ऑफिस कोट्टायमला. देशाला वर्षाला चौदा लाख टनांच्या आसपास नैसर्गिक रबर लागतं आणि पिकतं साडेआठ लाखांच्या आसपास, बाकी बाहेरून येतं, त्यामुळे मागणी आहे का या प्रश्नावर वेळ घालवायची गरज नाही, आहे.

पाऊस हा खरा मुद्दा. झाडाला वर्षाला दोन हजार मिमीच्या वर पाऊस लागतो असं सगळीकडे लिहिलंय आणि पेठ-सुरगाण्याचा पाऊस पण दोन हजारांच्या आसपास, त्यामुळे कागदावर आपण पास होतो. पण कोट्टायमला जूनचा पाऊस पडतो, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा वेगळा पडतो, मग मार्च-एप्रिलला वळीव. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो, आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. ज्या पाड्यावर जुलैत चिखलातून गाडी काढायला ट्रॅक्टर लागतो तिथंच एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात, हे नाशिकच्या माणसाला सांगायची गरज नाही पण रिपोर्टमध्ये लिहावं लागणार.

१८ सप्टेंबर

हे मात्र भारी सापडलं. पालघर जिल्ह्यातलं दापचरी म्हणजे आपल्याला हायवेवरचा चेकनाका आणि जुना दूध प्रकल्प एवढंच माहीत. तिथं रबर बोर्डाचं संशोधन केंद्र आहे, आणि मुद्दाम तिथं काढलं कारण जिथं रबर नीट येत नाही तिथं ते कसं वागतं हेच बघायचं होतं. हरसूलवरून जव्हार उतरलं की कितीसं लांब! पाऊस भरपूर, चार महिन्यांत संपणारा, उन्हाळा कडक. म्हणजे आपल्याच पट्ट्याचा खालचा मजला.

त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष सरळ आहे. उन्हाळ्यात पाणी दिलं नाही तर झाड चिकाला यायला दहा वर्षांच्या वर जातात, भरपूर पाणी दिलं तर सहाच्या आसपास. झाड मरतं असं नाही हां. पानं करपतात, खोड उन्हाने भाजतं (लहान रोपांच्या खोडाला चुना लावायला सांगतात तो याचसाठी), वाढ थांबते, पावसात परत धरतं. म्हणजे पोस्टरवरची सात वर्षं केरळची आहेत. आपल्याकडे तेच लावलं तर मुलगा पहिलीत असताना लावलेलं झाड तो दहावी झाला तरी कोरडंच.

ताईंचं म्हणणं (त्या अॅग्रीच्या, मी सोशल वर्कचा, त्यामुळे झाडाबद्दल त्यांचा शब्द शेवटचा) की इथंच थांबूया, झालं की उत्तर. मला वाटतं नाही झालं. दहा वर्षांनी का होईना येतं ना, मग लोकं म्हणतील पडीक तर आहे, पडू दे लावून.

९ ऑक्टोबर

पहाटे निघून नाशिकजवळ गिरणाऱ्याला थांबलो. हा रस्ता आम्ही नेहमी करतो पण यावेळी मुद्दाम मजूर बाजार बघायचा होता. सात वाजेपर्यंत चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, पेठ, हरसूल, पार जव्हार-मोखाड्याकडून आलेली माणसं, बायका, कडेवर पोरं, पिशवीत भाकऱ्या आणि पिशवीच्या तोंडाशी खोचलेली छाटणीची कात्री. बागायतदार मोटरसायकलवर येतात, जीपवाले येतात, चार माणसं, आठ माणसं, रोजाने का उक्तं, एकराचं काय घेणार, पेस्ट लावून देणार का, हे सगळं गाडी बंद न करता. ठरलं की टोळी चढली. छाटणीमागून फेलफूट (घड नसलेले फुटवे) काढणं, मग विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), जानेवारीपासून माल काढणी, असं करत करत एप्रिल. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षाचं सगळं अंग या माणसांच्या हातावर उभं आहे.

ज्या पाड्यावर पोस्टरवाला गेला होता तिथलीच एक टोळी भेटली. त्यातला एक पोरगा, विशीतला, त्याने पण कागद दिलेत. त्याला विचारलं घरी कोण असतं आता? म्हणाला, "म्हातारी आणि शेळ्या."

डायरीत अंडरलाइन करून ठेवलं. रबराला माणूस कधी लागतो ते बघायचं.

नोव्हेंबर

काही नाही. आचारसंहिता, इलेक्शन, त्याआधी दिवाळी. ग्रामसभा होणार नव्हतीच. पोस्टरवालाही दिसला नाही म्हणे, बोलेरो बहुतेक प्रचारात लागली असेल.

११ डिसेंबर, दोडामार्ग

नाशिक-पुणे-कोल्हापूर-चंदगड, मग तिलारी घाट उतरून खाली. अंग मोडून निघालं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात रबराच्या बागा आहेत, बऱ्याचशा केरळातून आलेल्या लोकांनी जमिनी घेऊन लावलेल्या, आता काही गाववाल्यांच्याही. ओळखीतून एका घरी सोय झाली. मालक गावचाच, दोन एकरभर रबर, बाकी काजू. पहाटे चारला उठवलं.

टॅपिंग नवरा-बायको दोघं करतात. डोक्याला बॅटरी. झाडाला आधीच्या कापाची तिरकी रेघ असते, अर्ध्या खोडाला वळसा घालून डावीकडून उजवीकडे उतरणारी. वहिनींनी आधी रेघेवर सुकलेला चिकाचा दोरा ओढून काढून कमरेच्या पिशवीत टाकला (तो पण विकतात, वाया काही जात नाही), मग वाकड्या पात्याची सुरी टेकवली आणि पावलं मागे टाकत टाकत एक सलग साल काढली, दीडेक मिमीची, कागदासारखी. आत अजून मिलिमीटरभर साल सोडायची, लाकडाला सुरी लागली की तिथं गाठ येते आणि ती जागा कायमची गेली. पुढं झाली की मागे रेघेवर पांढरे ठिपके फुटतात, ठिपके जुळतात, धार होते आणि पत्र्याच्या पन्हळीवरून करवंटीत. एका झाडाला अर्धा मिनिट पण नाही. पुढचं झाड. एक माणूस एका सकाळी तीनशे ते चारशे झाडं करतो. मी एक करून बघितलं. दादा म्हणाले, "ह्या झाडाक आता दोन वर्सा इसरा."

पहाटेच का, तर गारव्यात झाडाच्या आतला दाब जास्त असतो, ऊन वर आलं की चीक लवकर थिजतो. आणि रोज नाही, एक दिवसाआड, म्हणजे झाडाला मध्ये दम मिळतो. पावसात झाडाला प्लास्टिकचा झगा बांधावा लागतो नाहीतर सगळं पाणी करवंटीत. फेब्रुवारीत पानगळ, मग विश्रांती. म्हणजे चांगला चीक ऑक्टोबर ते जानेवारी.

ऑक्टोबर ते जानेवारी!! गिरणारे.

दहा वाजता चीक गोळा करून घरी, पाणी घालून गाळायचा, ट्रेमध्ये ओतायचा, फॉर्मिक अॅसिड पातळ करून टाकायचं आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशीचा बघितला, खरवसाच्या वडीसारखा थरथरत होता. तो हाताने दाबून मग रोलरमधून काढतात, आधी सपाट, मग रेघांचा, शीट होते, ती धुराच्या खोलीत वाळवतात. वास तीन दिवस नाकातून जात नाही. चिकात रबर तीस-चाळीस टक्के, बाकी पाणी. शीट पिवळट तांबूस झाली की व्यापारी उजेडासमोर धरून ग्रेड ठरवतो.

दादा खूश आहेत, हे पण लिहिलं पाहिजे. म्हणाले काजू वर्षातून एकदा, रबर दर आठवड्याला. व्यापारी घरी येतो. पोरांची फी त्यातून. पण लगेच हे पण म्हणाले की दोघं घरी आहोत म्हणून, टॅपर ठेवला तर निम्मं त्याचंच, आणि माणूस गावाला गेला की झाड थांबतंय.

१२ डिसेंबर

आसपासच्या वाड्या. इथलं चित्र दादांच्या अंगणाएवढं गोड नाही. मोठ्या बागा डोंगरउतारावर, ओळीत एकसारखी झाडं, खाली अंधार आणि पालापाचोळा. गावातल्या बायका सांगतात तिथं पूर्वी करवंदं होती, कुडा होता, शिकेकाई होती, सरपण मिळायचं, आता कुंपण आहे. कामाला बाहेरून आणलेले टॅपर, गावच्या पोरांना रखवालीचं काम, ते पण एखाद्याला. जमिनी विकल्या त्यांनी, हे ते स्वतःच सांगतात, जबरदस्ती कुणी केली नाही, भाव बरा वाटला तेव्हा. हत्ती २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून इकडे आले ते अजून आहेत, माड-केळी मोडतात. सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यजीवांचा कॉरिडॉर, तिथं झाडं तोडून बागा होतायत म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं, २०१३ ला वृक्षतोडीवर बंदी आली, आणि याच वर्षी पंचवीस गावं इको सेन्सिटिव्ह जाहीर करा असं कोर्टाने सांगितलं. तरी करवतीचा आवाज येतो असं चहाच्या टपरीवर ऐकलं.

एका वाडीवर म्हातारबा म्हणाले, रबराक कायता म्हणान दोस देव नको, जमीन कोणाच्या नावार आसा ता बघ. ताईंनी हे लगेच लिहून घेतलं, मी पण घेतोय.

२६ जानेवारी २०२५

ग्रामसभा, पेठ तालुका (गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही). झेंडावंदनानंतर शाळेच्या ओट्यावर. गर्दी कमी, कारण निम्मं गाव निफाडला. जे होते त्यात बायका आणि म्हातारी माणसं जास्त. आम्ही दोडामार्गचे व्हिडिओ दाखवले, करवंटीत धार पडताना सगळे पुढे सरकले, ते स्वाभाविक आहे, मी पण तसाच बघत होतो.

पोस्टरवाल्याच्या कागदाची कॉपी एकाकडे मिळाली. त्यात जमीन पंचवीस वर्षं कराराने त्यांच्या ताब्यात, रोपं त्यांची, माल त्यांचा, शेतकऱ्याला "नफ्यातील वाटा", वाटा किती ते रिकामं. आदिवासी जमीन बिगरआदिवासीकडे भाड्याने द्यायची तरी महसूल कायद्याच्या ३६-अ खाली कलेक्टरची परवानगी लागते. आणि इथल्या बऱ्याच जणांकडे सातबारा नाहीच, २००६ च्या कायद्याखालचा वनपट्टा आहे, जो वारसाने जातो पण विकता येत नाही. मार्च २०१८ ला या भागातली माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेली ती या पट्ट्यांसाठीच, पायाला फोड घेऊन. तो पट्टा झेरॉक्ससकट बोलेरोत टाकायचा?

एका तरुणाने विचारलं, त्रिपुरात आदिवासींनी रबर केलंय ना, यूट्यूबवर आहे. बरोबर आहे, केरळच्या खालोखाल त्रिपुराच. पण तिथं एप्रिलपासूनच पाऊस लागतो, आणि रबर बोर्डाच्या ब्लॉक प्लांटिंगमध्ये लोकांना स्वतःच्याच जमिनीवर केलेल्या कामाची मजुरी मिळायची. म्हणजे थांबायच्या वर्षांचे पैसे कुणीतरी भरले. इथं कोण भरणार, असं मी म्हणेपर्यंत मागून एक आजी बोलल्या, "सात वरसं खायाचं काय? चीक?" सभा संपलीच त्यावर.

फळ्यावर भावाचं गणित मांडलं होतं ते इथं उतरवतो. नीट जमलेल्या बागेत हेक्टरी दीड टन म्हणजे एकरी सहाशे किलो. २४० भावाने १ लाख ४४ हजार, ९५ भावाने ५७ हजार, त्यातून टॅपरचं, अॅसिडचं, रोलरचं. आणि हे केरळचं उत्पन्न धरून.

१७ एप्रिल

हरसूलपुढच्या पाड्यांवर दोन दिवस. दुपारी माळावर सावलीत थर्मामीटर ३९ दाखवत होता, उन्हात ठेवायचं धाडस केलं नाही. आंब्याच्या वाड्या तग धरून आहेत, केसर, काजू थोडा, पहिली काही वर्षं हंड्याने पाणी घालून जगवलेली झाडं आहेत ती. वाडीत आंबा येईपर्यंत मध्ये नागली, वरई, उडीद घेता येतो. रबराखाली पण पहिली तीन वर्षं आंतरपीक होतं, मग सावली पडली की बंद.

संध्याकाळी पाण्याचं गणित केलं. उन्हाळ्यात झाडाला रोज फक्त वीस लिटर धरलं (ताई म्हणतात मोठ्या झाडाला कमीच पडेल), एकरात १८० झाडं, म्हणजे रोज ३६०० लिटर. ग्रामीण भागात सरकारी टँकरचा हिशोब माणशी वीस लिटर. म्हणजे एक झाड एक माणूस. ज्या पाड्यावर बसून हे लिहिलं तिथं एकरभर रबर जगवायचं तर अख्ख्या पाड्याचं पाणी लागेल. काकांना दाखवलं, ते म्हणाले हे एवढंच एक पान छापा, बाकी रिपोर्ट कपाटात ठेवा.

२ मे

रिपोर्ट दिला. पेठ-हरसूल पट्ट्यात कोरडवाहू रबराची शिफारस नाही. कारणं क्रमाने: उन्हाळी पाणी, चिकाचा हंगाम आणि द्राक्षाचा हंगाम एकच, थांबायच्या वर्षांचा खर्च, जमिनीचा ताबा, आणि जवळपास शीट घेणारा व्यापारी नाही. ज्यांनी या कामाला पैसे पाठवले त्यांच्याकडून मेल आलं की "एखादा पायलट प्लॉट तरी" करता येईल का, फोटो चांगले येतील. फोटो चांगले येतील असं खरंच लिहिलंय. सर उत्तर देतील, मी दिलं तर नोकरी जाईल.

नोंदणीचे पैसे परत मागायला गावातल्या सहा-सात जणांनी मिळून फोन केले, नंबर बंद. तहसीलला अर्ज दिलाय, कागदांच्या कॉपी जोडून. झेरॉक्स गेल्या त्याची जास्त काळजी आहे.

८ जून

यंदा पाऊस मे मध्येच घुसला, सगळ्यांची गडबड उडाली, भाताची रोपं टाकायची का थांबायचं यात लोकं अडकलेत. तेवढ्यात गिरणाऱ्याला भेटलेला तो विशीतला पोरगा ऑफिसला आला. म्हणाला मला दहा रोपं पाहिजेत रबराची.

त्याला सगळं परत सांगितलं. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, दादा, आमच्या विहिरीला मे पर्यंत पाणी राहतं, शेळ्यांना घालतो त्यातलं दहा झाडांना घालीन. मी म्हणलं पहाटे कोण करणार, तू तर छाटणीला. म्हणाला तोपर्यंत मी छाटणीला जाणार नाही. मी म्हणलं दहा झाडांचं किलोभर रबर घेणार कोण? म्हणाला, "ते मग बघू की, आधी येतंय का ते बघतो."

ताई म्हणाल्या देऊया, दहा झाडांनी कुणाचं घर बुडत नाही, आणि दापचरीच्या वर घाटावर काय होतं त्याचा आकडा आपल्यालाही मिळेल. मी विरोधात आहे कारण गावात दहा झाडं दिसली की पुढच्या वर्षी नवा बोलेरोवाला तीच झाडं दाखवून कागद गोळा करणार. वाद झाला, चहा झाला, ठरलं नाही. पिशवीतलं कलमी रोप आणायचं तर दोडामार्गच्या दादांना विचारावं लागेल, एसटीच्या पार्सलने येतं का ते बघतो. लावायचं तर जुलैच्या आत.